लेखमालेतले आणि एकमेकांशी संबंधित लेख कसे जोडता? प्लगइन की हातानं?

दुर्बीणवाली

माझा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे, स्वतःच्या होस्टिंगवर. विषय आकाशनिरीक्षण. बरीच वर्षं लिहितेय, त्यामुळे लेख आता शेकड्यांनी साठलेत. त्यातले काही क्रमानंच वाचायचे आहेत, उदाहरणार्थ आरसा घासून दुर्बीण बनवण्याची आठ भागांची माला. काही लेख सुटे आहेत, पण एकाच विषयाभोवती फिरतात, जसे ग्रहणांवरचे किंवा धूमकेतूंवरचे. उरलेले कुणाशीच नातं नसलेले.

अडचण अशी आहे की वाचक सर्च इंजिनमधून येतात आणि थेट मालेच्या चौथ्या भागात उतरतात. तिथं मी "फोकल लेंग्थ ठरवून झाली असेलच" असं म्हणून पुढं निघालेली असते. ती कशी ठरवायची ते दुसऱ्या भागात आहे, पण तो दुसरा भाग कुठं सापडेल हे त्या पानावर कुठंच लिहिलेलं नाही. कॅटेगरीच्या पानावर गेलं तर सगळ्यात नवा लेख वर, म्हणजे माला शेवटाकडून सुरू होते. आरसा घासण्याआधीच त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवायला सांगितल्यासारखं होतं ते.

प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, शोधायला गेले तर ढिगानं निघाली. काही "संबंधित लेख" आपोआप दाखवणारी, काही लेखमाला बांधणारी, काही मजकुरातल्या शब्दांना परस्पर लिंक लावणारी. तुम्ही काय वापरता? काय वापरून सोडून दिलंत आणि का? मला जाहिरातीतली वैशिष्ट्यं नकोत, वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत.

कोरा_कागद

येट अनदर रिलेटेड पोस्ट्स प्लगइन, म्हणजे वायएआरपीपी. टाका आणि विसरून जा. प्रत्येक लेखाखाली चार-पाच संबंधित लेख आपोआप येतात.

मध्यरात्रीचा_कोडर

कोरा_कागद, धाग्यातला अर्धाच प्रश्न त्यानं सुटतो.

दुर्बीणवाली, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना एकच प्लगइन शोधू नका. लेखमालेचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. चौथ्याच्या आधी तिसरा, यात अंदाजाला जागाच नाही. ती माहिती डेटाबेसमध्ये नोंदवायची आणि दाखवायची, एवढंच. "संबंधित लेख" हा मात्र अंदाज आहे. शब्द, टॅग, कॅटेगरी पाहून प्लगइन गुण देतं आणि ठरलेल्या उंबरठ्याच्या वरचे लेख दाखवतं. तो अंदाज कधी बरोबर येतो, कधी नाही. मालेचं काम अंदाज करणाऱ्या प्लगइनवर सोपवलं की चौथ्या भागाखाली सातवा, पहिला आणि एखादा भलताच लेख असं कडबोळं दिसतं.

मालेसाठी ऑर्गनाइझ सिरीज नावाचं जुनं प्लगइन होतं, तेच आता पब्लिशप्रेस सिरीज या नावानं मिळतं. कॅटेगरी आणि टॅगच्या शेजारी "सिरीज" हा तिसरा वर्ग येतो, प्रत्येक लेखाला भाग क्रमांक देता येतो, लेखात मालेची यादी आपोआप दिसते.

प्लगइन नको असेल तर हेच थोड्या कोडमध्येही होतं. वर्डप्रेस २.३ पासून, म्हणजे २००७ पासून, कॅटेगरी आणि टॅग दोन्ही एकाच रचनेत साठवले जातात आणि त्या रचनेत आपण आपला वर्ग जोडू शकतो. "लेखमाला" नावाची टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारीचा प्रकार, नोंदवायची. थीममध्ये मागील-पुढील लेखाचे दुवे देणारी जी फंक्शन्स असतात, त्यांना "याच वर्गातले दाखव" असं सांगता येतं. ३.८ आवृत्तीपासून कुठल्या टॅक्सॉनॉमीतले तेही सांगता येतं. म्हणजे "पुढचा लेख" हा तारखेनं पुढचा कुठलाही न राहता मालेतला पुढचा होतो.

फक्त हे कोड थीममध्ये टाकू नका, छोटं स्वतःचं प्लगइन करून त्यात टाका. थीम बदलली की थीममधलं कोड जातं. नोंदी डेटाबेसमध्ये असतात, पण टॅक्सॉनॉमी नोंदवलेली नसल्यामुळे त्या दिसत नाहीत.

जुनी_वही

कोडर यांचं पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे. पण मी त्याच्या एक पाऊल पुढं जाऊन म्हणेन की दुसरं कामही प्लगइनला देऊ नका.

मी संगीतावर लिहितो. एखाद्या रागावर लिहिताना जवळच्या दुसऱ्या रागाचा उल्लेख आला की तिथंच, त्याच वाक्यात दुवा देतो, आणि दोन्हींत फरक कुठं पडतो ते अर्ध्या ओळीत सांगतो. वाचकाला तिथं का जावं हे त्या अर्ध्या ओळीतून कळतं. लेखाच्या तळाशी "हेही वाचा" म्हणून चौकटी लावल्या तर त्यातून एवढंच कळतं की यंत्राला दोन्ही लेखांत काहीतरी साम्य दिसलं. कुठलं साम्य, ते वाचकानं ओळखायचं.

संबंध आपल्या डोक्यात असतो. तो लिहायचा कंटाळा आपण करायचा आणि यंत्रानं तो ओळखावा अशी अपेक्षा ठेवायची, हे मला पटत नाही.

कोरा_कागद

@जुनी_वही, नवीन लेखाला हे ठीक आहे. शेकडो जुने लेख उघडून प्रत्येकात दुवे लिहायचे म्हटलं तर नवीन लिहायचं कधी? काहीच नसण्यापेक्षा अंदाजानं आलेले चार लेख बरे.

शब्दवेल्हाळ

अंदाज मराठीत जास्त चुकतो, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

ही प्लगइन बहुतेक डेटाबेसच्या फुलटेक्स्ट शोधावर, म्हणजे पूर्ण मजकुरातले शब्द शोधण्याच्या सोयीवर, चालतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या त्या शोधात शब्द जसा लिहिलाय तसाच धरला जातो. मूळ रूप शोधण्याची सोय त्यात नाही. आपल्याकडे "ग्रह", "ग्रहाचा", "ग्रहावर", "ग्रहांमधलं", "ग्रहांनीसुद्धा" हे त्याच्या लेखी पाच वेगळे शब्द. दुर्बीणवालींच्या दोन लेखांत गुरू ग्रहाबद्दलच सगळं असेल, पण एकात "गुरूच्या" आणि दुसऱ्यात "गुरूवरचे" असेल तर ते साम्य हुकतं. इंग्रजीत शब्दाची रूपं कमी बदलतात, म्हणून तिथं हे खपून जातं.

दुसरं, सोबत येणारी निरुपयोगी शब्दांची यादी इंग्रजी असते. "आहे", "होतं", "आणि", "म्हणजे" यांना कुणी गाळत नाही. लेखात वारंवार येणारे शब्द निवडून त्यावरून साम्य ठरवलं तर "म्हणजे" पुष्कळ वेळा वापरणारे दोन लेख भावंडं ठरतात.

म्हणून मजकुरावरून जुळणी बंद करा. वायएआरपीपीमध्ये शीर्षक, मजकूर, कॅटेगरी, टॅग यांतलं कशाला किती वजन द्यायचं ते ठरवता येतं. मजकूर विचारात घेऊ नको आणि किमान एक टॅग समान असलाच पाहिजे, अशी मांडणी केली की निकाल एकदम सुधारतो. टॅग मात्र शिस्तीनं द्यायला हवेत. "धूमकेतू" हा टॅग असेल तर कधी "धुमकेतू", कधी "धूमकेतु" असं चालत नाही. तिन्ही वेगळे टॅग होतात आणि लेख तीन कप्प्यांत विखुरतात.

सोनचाफा

"घोरण्यावर उपाय" या माझ्या लेखाखाली प्लगइननं "शेजारधर्म कसा टिकवावा" सुचवलाय. मजकूर जुळवून हे कसं जमलं माहीत नाही, पण मी तो दुवा काढणार नाही.

अर्धविराम

सोनचाफा 😀

शब्दवेल्हाळ, टॅगच्या शिस्तीबद्दल शंभर टक्के सहमत. जोडीला हे सांगतो की एकाच लेखाला लावलेला टॅग म्हणजे टॅग नसल्यातच जमा, कारण तो कशालाच कशाशी जोडत नाही. मी वर्षातून एकदा टॅगची यादी संख्येनुसार लावतो आणि ज्यांच्यापुढं एक आकडा आहे ते एकतर मोठ्या टॅगमध्ये मिसळतो किंवा काढून टाकतो. काढताना त्या टॅगच्या पानाला बाहेरून कुणी दुवा दिला नाही ना ते पाहावं. दिला असेल तर रिडायरेक्शन लावावं.

मध्यरात्रीचा_कोडर

भाराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. मजकुराची तुलना हे डेटाबेससाठी जड काम आहे. काही होस्टिंग कंपन्या संबंधित लेखांची ठरावीक प्लगइन चालूच देत नाहीत, त्याचं कारण हेच. लेख शंभरात असतील तर फारसं जाणवत नाही, हजारांत गेले आणि कॅशे, म्हणजे तयार पानांचा साठा, नसेल तर पान रेंगाळतं. जेटपॅक या प्लगइनमधली संबंधित लेखांची सोय हा हिशेब तुमच्या सर्व्हरवर करत नाही, वर्डप्रेस डॉट कॉमच्या सर्व्हरवर करते. भार वाचतो, पण मजकूर तिकडं जातो आणि खातं जोडावं लागतं. कुणाला चालेल, कुणाला नाही.

कॉन्टेक्स्च्युअल रिलेटेड पोस्ट्स हेही बघा. अंदाज करतंच, शिवाय एखाद्या लेखासाठी "हेच दाखव" असे लेख हातानं नेमून देता येतात. जुनी_वही आणि कोरा_कागद दोघांचंही समाधान व्हावं असा मधला मार्ग आहे.

जुनी_वही

नेमून दिले तरी कारण लिहायला जागा नाहीच ना. चौकट ती चौकटच.

दुर्बीणवाली

भराभर उत्तरं आली, आभार. मजकुराची जुळणी आज बंद करून टॅगवर ठेवली आणि धूमकेतूंच्या लेखाखाली खरोखर धूमकेतू आले.

जाता जाता एक. माझ्या मालेतल्या काही भागांचे पत्ते विचित्र आहेत. शीर्षक "परावर्तक दुर्बिणीचा आरसा घरी कसा घासावा, भाग ५" असं आहे आणि पत्त्याच्या शेवटी "भाग-५" नाहीच, उलट "-४" आहे. दुसऱ्या एकाच्या शेवटी "-२". माला बांधताना याचा घोटाळा होईल का?

मध्यरात्रीचा_कोडर

हे देवनागरी शीर्षकांचं खास दुखणं. वर्डप्रेस शीर्षकावरून स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, बनवताना तो २०० अक्षरांवर तोडतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचं असतं आणि पत्त्यासाठी ते सांकेतिक रूपात लिहिलं की त्याची टक्केचिन्हं धरून नऊ अक्षरं होतात. म्हणजे २०० मध्ये जेमतेम बावीस चिन्हं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं. तुमच्या शीर्षकाला "आरसा"पाशीच कात्री लागते, "भाग ५" तर फारच लांब. आठही भागांचा स्लग तोडल्यावर सारखाच उरतो, म्हणून वर्डप्रेस पुढं "-२", "-३" जोडत जातं. पहिल्याला काहीच जोडत नाही. एखादा स्लग तुम्ही मध्येच हातानं बदलला किंवा लेख ज्या क्रमानं तयार झाले तो क्रम वेगळा असला की आकडा आणि भाग यांची फारकत होते.

मालेला याचा त्रास नाही, कारण क्रम स्लगवरून ठरत नाही. पण वाचकाला पत्ता पाहून गोंधळ होतो, शिवाय तुम्ही स्वतः दुवा देताना चुकीचा चिकटवाल. यापुढं स्लग हातानं, आखूड लिहा, भाग क्रमांक सुरुवातीला घ्या. जुने बदलायचे असतील तर प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलल्यावर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर पाठवतं. फक्त एका लेखाचा सोडलेला स्लग दुसऱ्याला देऊ नका. तसं केलं की जुना दुवा घेऊन येणारा माणूस भलत्याच भागात पोचतो.

शब्दवेल्हाळ

हे माहीतच नव्हतं! माझे अर्धे पत्ते शब्दाच्या मध्येच का तुटलेत ते आज कळलं.

पडवी

ब्लॉगरवाल्यांनी काय करायचं? आमच्याकडे प्लगइन नाहीत, फक्त लेबलं. मी लेबलांनाच माला मानत आले. खूप आधी एक बाहेरचं विजेट लावलं होतं, लेखाखाली छोटी चित्रं दाखवायचं. ती सेवा बंद पडली आणि सगळ्या लेखांखाली रिकामी जागा राहिली.

अर्धविराम

पडवी, लेबलाचं पान वाचकाला ठीक आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथंही नवा लेख वर असतो. आणि ब्लॉगरच्या मूळ रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी कुठं जायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, शोधाच्या पत्त्यांना मनाई असते, लेबलांची पानं त्याच पत्त्याखाली येतात, त्यामुळे सर्च इंजिनं ती सहसा चाळत नाहीत. फक्त लेबलानंच सापडणारा जुना लेख त्यांच्या दृष्टीनं आडबाजूला राहतो. प्रत्येक मालेसाठी एक स्वतंत्र "पान" करा, त्यात क्रमानं सगळे दुवे आणि प्रत्येकापुढं एक ओळ. लेखाच्या वरती त्या पानाचा दुवा. कुठलीही सेवा बंद पडली तरी हे टिकतं.

उलटसुलट

जरा आडवळण, पण राहवत नाही. माहिती जोडण्याच्या या भांडणाचं मूळ वेबच्याही बऱ्याच आधीच्या काळात सापडतं. अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ मध्ये मेमेक्स नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. टेबलासारखं यंत्र, आत मायक्रोफिल्मवर कागदपत्रं. यंत्र प्रत्यक्षात कधी बनलं नाही. पण त्यांचं म्हणणं होतं की वर्गवारीच्या कप्प्यांत माहिती ठेवली की ती शोधताना कप्प्यांच्याच नियमांनी चालावं लागतं, उलट माणसाचं मन एका गोष्टीवरून तिच्याशी निगडित दुसऱ्या गोष्टीवर उडी मारतं. म्हणून वाचणाऱ्यानं दोन पानं एकमेकांना बांधायची, तिसरं बांधायचं, अशी वाट तयार करायची आणि ती वाट दुसऱ्यालाही देता यावी. पुढं १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी दुव्यांनी जोडलेल्या मजकुरासाठी हायपरटेक्स्ट हा शब्द दिला. नेल्सन यांच्या कल्पनेतले दुवे दोन्ही बाजूंनी चालणारे होते. आपल्याला मिळालेल्या वेबवर ते एकाच बाजूनं चालतात.

त्या वाटेवर प्रत्येक गाठ माणसानंच बांधायची होती. जुनी_वही तेच म्हणताहेत.

कोरा_कागद

माहितीबद्दल आभार, पण बुश यांच्याकडे शेकडो जुने लेख आणि नोकरी दोन्ही होतं का ते तपासावं लागेल.

सोनचाफा

@कोरा_कागद, १९४५ मध्ये ते अमेरिकेचं युद्धकाळातलं अख्खं वैज्ञानिक संशोधन सांभाळत होते. म्हणजे नोकरी होती म्हणायची. 🙂

रानवाटा

उलटसुलट यांचा शेवटचा मुद्दा आडवळण नाहीच, धाग्याचा गाभा तिथंच आहे. दुवा एकाच बाजूनं चालतो. जुनी_वही यांची पद्धत मला मनापासून आवडते, मीही तशीच लिहिते. पण त्या पद्धतीनं दुवे फक्त मागं जातात. आज लिहिताना मला जुना लेख आठवतो आणि मी दुवा देते. चार वर्षांपूर्वीच्या त्या लेखाला आजचा लेख जन्मलाय हे कसं कळणार? आणि वाचक तर जुन्याच लेखावर येतोय, कारण सर्च इंजिनमध्ये तोच वर आहे.

म्हणजे हातानं लिहिलेले दुवे नव्याकडून जुन्याकडे जातात आणि वाचकाला हवे असतात जुन्याकडून नव्याकडे. प्लगइनचं खरं काम इथं आहे. मागचे दुवे मी लिहीन, कारणासकट. पुढचे दुवे यंत्रानं दाखवावेत, आणि तेही अंदाजानं नकोत. मी ज्या लेखाला दुवा दिला, त्या लेखावर "याचा उल्लेख पुढील लेखांत आला आहे" अशी यादी यावी. विकीवर "येथे काय जोडले आहे" असं पान असतं, तसं. संबंध मीच लिहिलेला असतो, यंत्र फक्त तो उलट्या बाजूनं दाखवतं.

गंमत अशी की वर्डप्रेसमध्ये ही सोय आधीपासून आहे आणि लोक ती बंद करायच्या मागं असतात. पिंगबॅक चालू असेल तर आपल्याच जुन्या लेखाला दुवा दिल्यावर त्या जुन्या लेखाखाली प्रतिसादांमध्ये नव्या लेखाची नोंद येते. स्वतःचे पिंग नकोत म्हणून वेगळी प्लगइनसुद्धा निघाली. मी ते पिंग ठेवलेत. थीममध्ये प्रतिसाद आणि पिंगबॅक वेगळे दाखवायची सोय करून घेतली आणि पिंगबॅकच्या भागाला शीर्षक दिलं, "या लेखाचा पुढं उल्लेख".

जुनी_वही

रानवाटा, हे पटलं. माझ्या बाजूनं हे उत्तर अपुरं होतं ते तुम्ही पुरं केलंत. कारणासकट दुवा मी लिहायचा, उलटी वाट यंत्रानं दाखवायची, ही वाटणी मला मान्य आहे.

मध्यरात्रीचा_कोडर

रानवाटा, फार छान. स्थिर साइट (डेटाबेसविना, आधीच तयार करून ठेवलेली पानं) बनवणाऱ्या साधनांतही याच दिशेचा प्रश्न दिसतो. ह्यूगोमध्ये संबंधित लेखांची सोय अंगभूत आहे, पण डीफॉल्टनं ती सध्याच्या लेखापेक्षा नवे लेख यादीत धरत नाही. ती निवड मुद्दाम बदलावी लागते. जेकिलमध्ये तर "संबंधित" म्हणून डीफॉल्टनं नुसते सगळ्यात ताजे दहा लेख मिळतात. नाव संबंधितचं, यादी तारखेची. कुठलंही साधन घेतलं तरी ते नेमकं कशावरून निवडतंय हे आधी बघावं.

टाकीव_अक्षर

शॉर्टकोडबद्दल कुणी सावध केलं नाही म्हणून लिहितेय. मालेसाठी मी एक प्लगइन वापरत होते, नाव घेत नाही, ते आता कुणी सांभाळत नाही. प्रत्येक लेखात चौकोनी कंसात त्याचा शॉर्टकोड, म्हणजे यादी इथं दाखव अशी खूण, घालावा लागायचा. वर्डप्रेसच्या एका नव्या आवृत्तीनंतर ते चालेना, बंद केलं, आणि प्रत्येक लेखाच्या माथ्यावर तो कंस उघडा पडला. ते कंस उपसताना फार जीव गेला.

तेव्हापासून प्लगइन घेण्याआधी मी एकच कसोटी लावते. चाचणीच्या साइटवर लावते, दोन लेख जोडते आणि प्लगइन बंद करून लेख बघते. नीट वाचता आले तर पुढं जाते. लेखाच्या मजकुरात काही न घालता बाहेरून यादी जोडणारं प्लगइन यात पास होतं. मजकुरातले शब्द शोधून आपोआप लिंक लावणाऱ्यांचेही दोन प्रकार असतात. काही पान दाखवताना लिंक लावतात, म्हणजे बंद केलं की लिंका गेल्या पण मजकूर शाबूत. काही लिंका मजकुरातच लिहून ठेवतात, म्हणजे प्लगइन गेलं तरी त्या राहतात, मग चुकीच्या असल्या तरीही. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते वापरण्याआधी बघा. आणि "डिलीट" करण्याआधी ते स्वतःचा डेटा पुसून जातं का, हेही.

अर्धविराम

आपोआप लिंक लावण्याबद्दल माझं मत स्पष्टच सांगतो, टाळा. "प्रकाश" या शब्दाला लिंक लावायची म्हटलं की "त्यांनी या विषयावर प्रकाश टाकला" इथंही लागते. एका परिच्छेदात पाच निळे शब्द दिसले की वाचक एकावरही बोट ठेवत नाही.

पिंपळपान

मी लिहीत नाही, वाचते. या धाग्यात वाचकाच्या बाजूनं कुणी तरी बोलावं म्हणून.

लेखाच्या तळाशी असलेली चित्रांची रांग मी बघत नाही. तिथं जाहिरातीही तशाच दिसतात, डोळ्यांनी ती जागा कधीच गाळून टाकलीय. मागील-पुढील हे बाण मी वापरते, पण ते कुठं नेतात हे शीर्षकावरून कळत असेल तरच.

मला काय हवं असतं सांगू? चौथ्या भागावर आले की वरती, पहिल्याच ओळीत, "हा अमुक मालेचा चौथा भाग. यासाठी दुसरा भाग वाचलेला असणं गरजेचं आहे, तिसरा राहिला असेल तरी अडणार नाही." एवढंच. सगळी आठ भागांची यादी वरती नको, मोबाइलवर ती सरकवता सरकवता लेख कुठं सुरू होतो तेच कळत नाही. यादी खाली चालेल. कुठला भाग आधी वाचायलाच हवा हे मात्र कुठल्याही यादीतून कळत नाही, ते लिहिणाऱ्यानं सांगायला हवं.

जुनी_वही

पिंपळपान, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर लावायला हवा.

रानवाटा

+१. "तिसरा राहिला तरी अडणार नाही" हे वाक्य लिहायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शब्दवेल्हाळ

खालच्या यादीसाठी अजून एक प्लगइनविना उपाय. ब्लॉक एडिटर असेल तर मालेची यादी एका सिंक्ड पॅटर्नमध्ये लिहा. आधी याला रीयुजेबल ब्लॉक म्हणायचे, ६.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, नाव बदललं. तो पॅटर्न आठही लेखांत घाला. नववा भाग आला की पॅटर्न एकदाच बदलायचा, सगळीकडे बदलतो. दुव्यापुढं तुमची स्वतःची ओळ लिहिता येते, चौकटीची सक्ती नाही. हे वर्डप्रेसच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे टाकीव_अक्षर यांच्या कसोटीत पास.

एकच काळजी. लेखात यादी प्रत्यक्ष नसते, तिच्या क्रमांकाचा संदर्भ असतो. साइट दुसरीकडे हलवताना तो क्रमांक बदलला तर यादी दिसत नाही. हलवल्यावर दोन-तीन लेख उघडून बघायचे.

दुर्बीणवाली

सगळं पुन्हा वाचून काढलं. मी आता असं करतेय. "लेखमाला" ही टॅक्सॉनॉमी स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये, कोडर म्हणाले तशी. मागील-पुढील दुवे त्यातूनच, शीर्षकासकट. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पिंपळपान यांनी सांगितलेली ओळ, हातानं लिहून. यादी खाली, सिंक्ड पॅटर्ननं. सुट्या लेखांसाठी टॅगवरची जुळणी, आणि पिंगबॅक परत चालू केलेत. कोरा_कागद, तुमचं प्लगइन सुट्या लेखांपुरतं राहिलंय बरं का.

आरशाच्या मालेपासून सुरुवात केली. "आधी कुठला भाग वाचायला हवा" हे लिहायला बसल्यावर दिसलं की सहावा भाग पाचव्यावर अवलंबून नाहीच, थेट दुसऱ्यावर आहे. चाचणीचा भाग ना, फोकल लेंग्थ कळली की पुरतं.

एक शेवटचं राहिलं. मालेच्या पानावर, म्हणजे टॅक्सॉनॉमीच्या संग्रहात, अजून नवा लेखच वर येतोय. तो क्रम उलटा कुठं करायचा?

मध्यरात्रीचा_कोडर

त्याच छोट्या प्लगइनमध्ये. लेख डेटाबेसमधून काढण्याआधी चालणारा "प्री गेट पोस्ट्स" नावाचा हुक, म्हणजे आपलं कोड अडकवायची जागा, आहे. त्यात तीन गोष्टी तपासा. ही मुख्य क्वेरी (पानाचे लेख मागवणारी) आहे का, हे प्रशासनाचं पान नाही ना, आणि हा "लेखमाला" टॅक्सॉनॉमीचाच संग्रह आहे का. तिन्ही जुळलं तर क्रम चढता करा. प्रशासनाची तपासणी विसरू नका, नाहीतर डॅशबोर्डमधली यादीही उलटी होईल. मुख्य क्वेरीची विसरलात तर बाजूच्या विजेटमधले ताजे लेखही त्या पानावर जुन्यापासून सुरू होतील.

ब्लॉक थीम असेल तर कोडऐवजी क्वेरी लूप ब्लॉक वापरून मालेचं स्वतंत्र पान करता येतं. क्रमवारीत "जुन्यापासून नव्याकडे" निवडायचं. तो ब्लॉक ५.८ पासून आहे.

मात्र दोन्हींत क्रम प्रसिद्धीच्या तारखेवरून ठरतो, आणि मागील-पुढील दुवेही तारखेनंच चालतात. तुम्ही एखादा भाग मागाहून मध्ये घातला असेल तर त्या लेखाची तारीख आधी बघा.

दुर्बीणवाली

घातलाय! तिसरा भाग सगळ्यात शेवटी लिहिला होता. त्याची तारीख दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधली केली तर फीडवाल्यांना, म्हणजे नवे लेख आपोआप मिळणाऱ्या वाचकांना, तो पुन्हा नवा म्हणून जाईल का?

मध्यरात्रीचा_कोडर

मागची तारीख दिली तर फीडमध्ये तो वर येत नाही, जुन्यांच्या ओळीत जातो. पत्त्यात वर्ष-महिना असेल तर मात्र पत्ता बदलेल. तुमची परमालिंक रचना, म्हणजे लेखाच्या पत्त्याचा साचा, कोणती आहे?

दुर्बीणवाली

नुसतं लेखाचं नाव. तारीख नाही.

मध्यरात्रीचा_कोडर

मग बदला निर्धास्त.